मागच्या खोलीतले सर

सर कुणाच्याही दाराची घंटी एकदाच वाजवत. वाजवून झाली की दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहत. आतल्या माणसाला ऐकू गेलं नसेल, तो आंघोळीला गेला असेल, लाइन गेली असेल, हे सगळं त्यांच्या लक्षात येत असे. पण दुसऱ्यांदा बटण दाबणं त्यांना मान्य नव्हतं. एकदा माझ्या भाड्याच्या खोलीसमोर ते भर एप्रिलच्या उन्हात वीस मिनिटं उभे होते. घरमालकीण वरच्या गॅलरीतून ओरडली, "अहो, पुन्हा वाजवा ना! पोरगी झोपली असंल."

"वाजवली ना बाई एकदा," सर म्हणाले. "पहिली पोचली असंल तं दुसरीनं काय होते? अन् पोचली नसंल तं वायर पाह्यली पाहिजे. बटणाचा काय दोष?"

मी झोपलेलीच होते. उठून दार उघडलं तेव्हा त्यांच्या शर्टाला घामाचा नकाशा झाला होता, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती. वाट पाहणं हे त्यांच्या लेखी कामच होतं.

यवतमाळात त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लॅब, बियाण्यांचं दुकान, शाळा, वाचनालय अशा ठिकाणी एका मशीनवर बसवायचे, इंटरनेट नसलं तरी चालायचे असे प्रोग्राम ते लिहीत. सगळं जग ब्राउझरमध्ये गेलं तरी ते याच कामाला धरून राहिले. "आपल्याकडं नेटवर्क झाडावर चढल्यावर येते," असं ते म्हणत. मी बाभुळगावची. शिक्षण संपवून त्यांच्याकडे कामाला लागले आणि चार वर्षं राहिले. नावानं त्यांनी मला क्वचितच हाक मारली असेल. त्यांच्यासाठी मी बाभुळगाव होते. "काय बाभुळगाव, तूर निघाली का घरची?" अशी त्यांची सकाळ सुरू व्हायची.

ती जागा पूर्वी एका डॉक्टरांचा दवाखाना होती. पुढची खोली आणि मागची खोली यांच्या मधल्या भिंतीत एक लहान खिडकी होती, कंपाउंडर तिथून औषधाच्या पुड्या द्यायचा. सरांनी ती जागा त्या खिडकीसाठीच घेतली, असं मला नंतर कळलं. मी पुढच्या खोलीत बसे आणि प्रोग्रामचा पुढचा भाग लिही: माणसाला दिसणारा पडदा, त्यावरच्या चौकटी, बटणं. सर मागच्या खोलीत बसत आणि मागचा भाग लिहीत: माहिती तपासणं, साठवणं, शोधून काढणं. माणूस बटण दाबतो पुढे, काम होतं मागे. या दोघांमध्ये निरोप कसा जावा, हाच सरांच्या आयुष्याचा विषय होता. लोक देवाधर्माबद्दल बोलतात तसे ते त्याबद्दल बोलत.

कुठलाही नवा पडदा लिहिण्याआधी आम्हाला तो कागदावर खेळावा लागे. मी म्हणजे पडदा, सर म्हणजे मागची खोली. कुणी 'नोंद ठेवा' हे बटण दाबलं असं धरून मी एका चिठ्ठीवर लिहायचं: कोणतं बटण, कोणती माहिती. चिठ्ठी खिडकीतून आत सरकवायची. सर ती वाचत, काम केल्याचं खोटं खोटं करत आणि उत्तराची चिठ्ठी बाहेर सरकवत. तीन-तीन दिवस हे चाले. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांना वाटे, आमचं भांडण झालं आहे आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'तेच पुन्हा.' चिठ्ठी तशीच परत आली. खाली त्यांच्या बारीक अक्षरात, 'तेच म्हणजे कोणतं?'

मी खिडकीत वाकून म्हटलं, "सर, आत्ता तर दिली होती तुम्हाला."

"थे गेली. मागच्या खोलीले आठवत नसते बाभुळगाव. प्रत्येक चिठ्ठी अशी लिही का जशी पहिलीच आहे."

दुसऱ्या एका दिवशी मी चिठ्ठी देऊन हात खिडकीतच ठेवून उभी राहिले. बराच वेळ उत्तर येईना. आतून आवाज आला, "हात मागं घे."

"उत्तर येऊ द्या ना."

"येईन तवा येईन. तू इथं हात धरून उभी राह्यली तं समोरच्या माणसाकडं कोण पाह्यल? तो दुसरं बटण दाबून राह्यला, तुले दिसून नाही राह्यलं. त्याले वाटते मशीन मेली. देऊन मोकळी हो, अन् जागी राह्य."

देऊन मोकळं व्हायचं आणि जागं राहायचं. निरोप सोडून द्यायचा, पण उत्तराकडे कान ठेवायचा. पुढे मी पुण्यात मोठ्या कंपनीत गेले, तिथे याच गोष्टीला भारी नावं होती आणि त्यावर जाडजूड पुस्तकं होती. पण माझ्या मनात ती आजही कंपाउंडरच्या खिडकीएवढीच आहे.

त्यांचा तिसरा नियम सगळ्यांत साधा होता. मागून 'झालं' आल्याशिवाय पडद्यानं 'झालं' म्हणायचं नाही.

या नियमापायी ते चहाच्या टपरीवरही हसं करून घेत. दोन कट चहा सांगितल्यावर टपरीवाला नुसती मान हलवायचा. सर तिथेच थांबायचे. "मान नको हलवू बाप्पा. आणतो म्हण."

"आणतो सर, आणतो! लिहून देऊ का?" टपरीवाला कावून म्हणायचा, आणि बाकावरचे लोक हसायचे. सरही हसायचे, पण 'आणतो' ऐकल्याशिवाय हलायचे नाहीत.

'ठीक आहे' असं लिहिलेल्या बटणांवर त्यांचा राग होता. चूक झाली की बहुतेक प्रोग्राम एक चौकट दाखवतात आणि खाली एकच बटण, 'ठीक आहे'. सर म्हणत, "काय ठीक आहे? त्या माणसाची अर्ध्या तासाची मेहनत गेली, अन् वरतून त्याच्याच तोंडून ठीक आहे म्हणून घेता." आमच्या पडद्यांवर तसं बटण कधी नव्हतं. 'पुन्हा प्रयत्न करा' असे, 'कागदावर लिहून घ्या' असे. हे दुसरं बटण मी जगात कुठेच पाहिलं नाही. ते दाबल्यावर काहीच होत नसे. फक्त खाली एक ओळ येई: तुम्ही लिहून घेतलंत, बरं केलंत.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ताईकडून." ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. दोघांचीही लग्नं झाली नव्हती, दोघं एकाच घरात राहत. ताईंनी पांढरकवड्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती, माणसाच्या हातानं तार जोडायच्या काळात. पलीकडच्या माणसाचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय 'बोला, लागला' असं त्यांनी कुणाला कधी म्हटलं नाही. तालुक्याच्या मोठ्या साहेबानं घाई केली तरी नाही. "मरणाच्या बातम्या जायच्या त्या तारेवरून," त्या मला म्हणाल्या होत्या. "लागला म्हणावं अन् माणूस हवेतच बोलून राह्यला, असं कसं चालंल?"

दुपारचं जेवण पुष्कळदा त्यांच्याकडेच होई. हिवाळ्यात आमच्या शेतातले तुरीचे ओले दाणे मी नेई, ताई त्यांची आमटी करत. सर जेवताना बोलत नसत. ताई आणि मीच बोलत असू. त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही. हे सांगायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते परक्यांशी केलेलं नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही एका संस्थेसाठी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचा प्रोग्राम केला. संस्था एका डॉक्टर बाईंची. त्यांची माणसं केळापूर भागातल्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, जाऊन शिबिरं घेत. बोटाला सुई टोचून दोन थेंब रक्त घ्यायचं, नळीतल्या औषधात मिसळायचं, पाणी गढूळ झालं की नाही ते पाहायचं आणि निकाल लॅपटॉपवर नोंदवायचा. ज्यांचं गढूळ होई त्यांना पुढच्या तपासणीला बोलवायचं. नळ्या तिथेच धुतल्या जात. निकाल उरत असे तो फक्त नोंदीत.

सरांनी मागचा भाग फार जपून लिहिला. प्रत्येक नोंद दोन ठिकाणी ठेवायची, लॅपटॉपमध्ये आणि त्याला लावलेल्या पेनड्राइव्हवर. ठेवली की दोन्हीकडून परत वाचून पाहायची. जुळली तरच 'झालं'. दोन्हींपैकी एक जागा जरी मिळाली नाही, तर काहीच ठेवायचं नाही आणि 'नाही झालं' असं स्पष्ट सांगायचं. दिलेल्या प्रत्येक नकाराची एक ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जाई. तिला ते रोजनिशी म्हणत. तोवर संस्थेची माणसं निकाल कागदी वहीतही लिहीत. तीन महिने एकही नोंद चुकली नाही, तेव्हा ते स्वतः डॉक्टर बाईंना म्हणाले, "आता वही बंद करा. जबाबदारी माझी." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना फार अभिमान वाटत होता.

एकच तक्रार होती. शिबिरातल्या नर्सताईंनी मला फोन केला. "मॅडम, बटण दाबलं का चार-पाच सेकंद थांबावं लागते. मांगं लाइन लागते, लेकरं रडतात. काईतरी करा न." हे सेकंद त्या दोनदा लिहिण्याचे आणि परत वाचण्याचे होते. मी सरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, चला, चिठ्ठ्या काढा. तीन दिवस गेले असते. शिबिर परवावर आलं होतं.

मी सरांना विचारलं नाही. माझ्याच पडद्यात बदल केला. 'नोंद ठेवा' दाबलं की निरोप मागे पाठवायचा, आणि उत्तराची वाट न पाहता लगेच 'नोंद झाली' दाखवून चौकटी रिकाम्या करायच्या, पुढच्या माणसासाठी. मागून येणारं उत्तर ऐकायचंच नाही. ऑफिसात दहा नोंदी करून पाहिल्या, दहाही नीट बसल्या. काम भराभर होत होतं. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी सर किती ताणतात.

त्या पोडावरच्या शिबिराला मी गेले होते. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल, पुढे रांग. नर्सताई खूश होत्या. "आता कसं पळून राह्यलं!" दुपारी जेवणानंतर संस्थेच्या एका कार्यकर्त्याला फोटो घ्यायचे होते, त्यानं लॅपटॉपचा पेनड्राइव्ह काढला, तासाभरानं परत लावला. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. सरांच्या मागच्या खोलीच्या मात्र लगेच लक्षात आलं. तिनं त्या तासातल्या प्रत्येक नोंदीला 'नाही झालं' असं बजावून सांगितलं. पण ऐकायला कुणी नव्हतं. पडदा प्रत्येक वेळी म्हणत राहिला, नोंद झाली.

संध्याकाळी सामान आवरताना नर्सताईंनी वापरलेल्या सुया मोजल्या. एकाहत्तर. नोंदी अठ्ठेचाळीस.

मी रोजनिशी उघडली. तिथे तेवीस ओळी होत्या, एकाखाली एक, प्रत्येक ओळीत वेळ आणि कारण: दुसरी प्रत मिळत नाही. नळ्या धुऊन झाल्या होत्या. माणसं घरी गेली होती. मी त्या ओळींकडे पाहत बसले, आणि मग त्या पुसून टाकल्या. त्यानंतर माझ्या पडद्याचा जुना, उत्तराची वाट पाहणारा भाग परत बसवला. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. नर्सताई बाजूलाच खोकी बांधत होत्या. त्यांना वाटलं, मी हरवलेल्या नोंदी शोधत आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं होतं. नोंदी नाहीत, नकारही नाहीत. 

"तुझ्याकडून चिठ्ठ्या निघाल्या होत्या?"

"हो सर. निघाल्या." हे खरं होतं.

"अन् पडद्यानं 'झालं' म्हटलं ते माझं उत्तर आल्यावरच?"

मी हो म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलेलं ते कधीच पुन्हा विचारत नसत. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे चिठ्ठ्या माह्यापर्यंत आल्या, मी झालं म्हटलं, अन् केलंच नाही."

मला त्यांची भीती वाटत नव्हती. ते ओरडत नसत, त्यांनी मला काढूनही टाकलं नसतं. पण उत्तर न ऐकताच 'झालं' म्हणणारी मुलगी मला त्यांच्यासमोर व्हायचं नव्हतं. त्यांचं माझ्याबद्दल जे मत होतं ते मला हवं होतं. उद्या सांगू, असं त्या दिवशी मी ठरवलं. हे उद्या चार वर्षं चाललं.

सरांनी डॉक्टर बाईंकडे जाऊन चूक आपली असल्याचं सांगितलं. मग आम्ही पुन्हा पोडावर गेलो. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला दुपारी कोण कोण रांगेत होतं ते आठवत होतं. त्यांच्या दारांशी सर स्वतः गेले, हात जोडून उभे राहिले. अंगणात खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रक्त तं देल्लं आमी. तुमीनं हरवलं. आता पुन्हा कायले?"

"माझी चूक झाली, बाबा," सर म्हणाले.

"तुमची झाली, अन् सुई आमाले?"

सरांचे हात जोडलेलेच राहिले. मी त्यांच्यामागे उभी होते. त्या अंगणात दोनच माणसांना बोलायचा हक्क होता, एक तो म्हातारा आणि एक मी. मी कोंबड्यांकडे पाहत राहिले. तेवीसपैकी अठरा जणांनी पुन्हा रक्त दिलं. पाच जणांनी दिलं नाही. त्या पाचांचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं धैर्य मला झालं नाही.

त्यानंतर सर एकेका गिऱ्हाइकाकडे गेले आणि म्हणाले, "वही पुन्हा सुरू करा. माझ्या प्रोग्रामवर भरोसा ठेवू नका." बियाण्यांच्या दुकानदारानं त्यांची समजूत घातली, "सर, आमचं तं कधी काई बिघडलं नाही." सर म्हणाले, "तेच तं. बिघडलेलं दिसत नाही." नवीन काम त्यांनी घेतलंच नाही. सहा महिन्यांनी मला पुण्याची नोकरी लागली. त्यांनी मला बसपर्यंत सोडलं, खिडकीतून ताईंनी दिलेला डबा दिला.

दिवाळीला मी फोन करी. खुशाली झाली की ते आपणहून सांगत. "अजून नाही सापडलं. पेनड्राइव्ह काढून पाह्यला. बरोबर नाही म्हणते. रोजनिशीतही लिहिते. लाइन घालवून पाह्यली. तरी बरोबर. म्हणजे पाह्य बाभुळगाव, चूक अशा जागी आहे जिथं मी पाहूनच नाही राह्यलो." आवाजात चिडचिड नसे. त्यांना स्वतःबद्दल जे कळून चुकलं होतं, ते त्यांनी मान्य केलं होतं. मी म्हणत असे, सापडेल सर. फोन ठेवल्यावर मी हातातलं काम सोडून बाहेर जाऊन उभी राहत असे.

एकदा मुद्दाम सांगण्यासाठी म्हणून आले. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. सर घरीच होते, ऑफिसची जागा त्यांनी सोडली होती. मागच्या भागाचा सगळा प्रोग्राम त्यांनी कागदावर छापून घेतला होता आणि तो गठ्ठा समोर घेऊन पेन्सिलनं एकेक ओळ तपासत होते. ते खूप वाळले होते. मला पाहून एकदम उभे राहिले. "बरं झालं आली! मले नवीन शंका आली आहे, बस." आणि त्यांनी दोन तास ती शंका समजावून सांगितली. मी मध्येच सुरुवात केली, "सर, त्या दिवशी..." ते म्हणाले, "थांब, हे आधी पूर्ण होऊ दे." पूर्ण झालं तेव्हा शंका खोटी निघाली होती आणि ते थकून भिंतीला टेकले होते. तेव्हा मला सांगता आलं असतं. मी त्यांना पाणी आणून दिलं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता मान कलंडली, एवढंच. ताईंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते.

तेरवीला डॉक्टर बाई आल्या होत्या. मंडपाच्या कडेला त्यांना गाठून मी सगळं सांगितलं. त्या कपाळाला आठ्या घालून आठवू लागल्या. "तेवीस नोंदी? अच्छा, ते पोडावरचं. अगं, ते तर आम्ही तेव्हाच निस्तरलं होतं. असं होतं शिबिरांत." मग म्हणाल्या, "त्यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं होतं? मला वाटलं, तब्येतीमुळे काम सोडलं." त्यांच्याकडून मला राग हवा होता. तो मिळाला नाही.

पाहुणे गेल्यावर ताईंनी मला थांबवून घेतलं. पलंगाखालून त्यांनी कागदांचा तो गठ्ठा ओढून काढला, सुतळीनं बांधलेला.

"हे रद्दीत टाकू का तू नेतं? मले तं यातलं काई समजत नाही. पण एक सांग पोरी. सापडलं होतं का त्याले शेवटी?"

मी सांगितलं. चिठ्ठ्यांपासून नाही, नर्सताईंच्या फोनपासून. पुसलेल्या ओळींपर्यंत आले तेव्हा थांबले, ताईंनी वाट पाहिली, मी पुन्हा सुरू केलं. 

"म्हणजे त्याचं बरोबर होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "रागावला नसता वं तो तुह्यावर. खूश झाला असता. गल्लीत सांगत फिरला असता का माह्यं बरोबर निघालं म्हणून. त्या दिवशी पोटभर जेवला असता."



त्यांनी सुतळी सोडली. "दाखव मले. कोठी लिहिलं आहे त्यानं थे नाही म्हणाचं?"

मला ते पान शोधावं लागलं नाही. अकरा ओळी होत्या. दुसरी प्रत मिळाली नाही तर काही ठेवू नका, नकार लिहा, नकार कळवा. मी बोट ठेवून ताईंना एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. त्या ओळींच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं केलेल्या 'बरोबर'च्या खुणा होत्या. एक नाही, दोन नाही, समास भरून खुणा, एकीवर एक. प्रत्येक वेळी त्यांनी त्या ओळी तपासल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्या बरोबर निघाल्या होत्या. काही ठिकाणी जुनी खूण खोडून पुन्हा केली होती, तिथला कागद झिजून पलीकडचा उजेड दिसत होता.

ताईंनी चष्मा लावून ते पान खिडकीशी धरलं.

"एवढ्या वेळा बरोबर म्हणे," त्या म्हणाल्या. "मग त्याले खरं काहून नाही वाटलं?"

"त्यांना माझं खरं वाटलं, ताई."